थांब, आण, बोलाव

बीव्हर फ्लॅट गावच्या दातांच्या दवाखान्यात महिन्याच्या पहिल्या बुधवारी, बरोबर बारा वाजता, कुणीतरी मरायला टेकायचं. बहुतेक वेळा तो आर्नी फ्रीझन असायचा.

आर्नी एकाहत्तर वर्षांचा. धान्याच्या कोठारावरची नोकरी संपल्यापासून तो गावच्या हॉलमधल्या नाटकांत कामं करायचा, आणि हॉलला वर्षातून दोनच नाटकं पुरत असल्यामुळे उरलेली हौस दवाखान्यात भागवायचा. जानेवारीत घशात अडकल्याचं सोंग करताना त्याने खुर्चीवरचा दिवा पार खाली ओढला होता. त्याच्या आधी फिट आणली, तेव्हा रिसेप्शनवरची शॉना खरोखर रडली होती. या मरणाचा मोबदला म्हणून त्याला दवाखान्यातल्या ल्युबाच्या हातच्या पिरोगी मिळायच्या, बटाटा भरून उकडलेल्या करंज्याच त्या, वर परतलेला कांदा आणि आंबट साय. बायको मार्गरेट गेल्यापासून महिन्यातलं धड जेवण ते एवढंच, असं तो चारचौघांत सांगायचा. ल्युबाला ते ऐकून बरंही वाटायचं आणि रागही यायचा.

पेशंटला अचानक काही झालं तर काय करायचं, याची ही तालीम ल्युबाची होती. दवाखाना कागदोपत्री डॉक्टर मायरन कोस्टिक यांचा, पण एकतीस वर्षं लोकांचे दात घासून काढणाऱ्या ल्युबापुढे डॉक्टरांचं फार चालत नसे. दारातच तिने पाटी लावली होती, ‘या दारातून साखर आत येत नाही.’ ती थट्टा नव्हती. काउंटरवरच्या बशीतल्या गोळ्याही बिनसाखरेच्या, तिने स्वतः मागवलेल्या. गावातले धटिंगण शेतकरीसुद्धा तिच्याकडे यायच्या आधी घरी दात घासून, वर फटींत दोरा फिरवून यायचे. तोंडात पावाचा कण सापडला तर ती त्यांना त्यांच्या आईच्या नावाने विचारायची, ‘हेच शिकवलं का तिने?’

तालमीची गोष्ट चार वर्षांपूर्वीची. एक तरणाताठा हॉकीपटू भुलीची सुई पाहून खुर्चीत पांढराफटक पडला. डॉक्टर औषधांची पेटी आणायला धावले. शॉना पेटी आणायला धावली. ल्युबाही पेटी आणायला धावली. तिघं कपाटापाशी एकमेकांवर आदळली आणि मागे खुर्चीतला पोरगा घसरून फरशीवर हनुवटीवर आपटला. पाच टाके. पोरगा नंतर हसला, पण ल्युबाला दोन रात्री झोप आली नाही. जवळचं इस्पितळ पन्नास किलोमीटरवर, वारा सुटला की अॅम्ब्युलन्सला पाऊण तास. तोवर जे काही करायचं ते या तीन खोल्यांतल्या माणसांनीच. आणि ही माणसं कपाटापाशी एकमेकांवर आदळत होती.

तिसऱ्या दिवशी तिने तीन पत्ते केले, जाड पुठ्ठ्याचे, गळ्यात अडकवायला दोरी असलेले. थांब. आण. बोलाव. ज्याच्या गळ्यात ‘थांब’ तो पेशंटचा हात सोडणार नाही, आभाळ कोसळलं तरी. ‘आण’ने पेटी आणि ऑक्सिजन आणायचा. ‘बोलाव’ने ९११ ला फोन करून अॅम्ब्युलन्स मागवायची. पत्ते दर महिन्याला बदलायचे, म्हणजे सगळ्यांना सगळं यायला हवं. आणि एक नियम सगळ्यांत वरचा. तालीम चालू असताना कुणी ‘हे खरं आहे’ म्हणालं, तर त्याक्षणी नाटक बंद. हे शब्द चेष्टेत उच्चारायचे नाहीत. चार वर्षांत कुणी उच्चारले नव्हते, आर्नीनेसुद्धा नाही.

आता मात्र तालमीवरच गंडांतर आलं होतं. मार्चअखेर डॉक्टर कोस्टिक निवृत्त होणार होते आणि दवाखाना विनिपेग शहरातल्या डॉक्टर ब्रेंट सिगर्डसनकडे जाणार होता. तेहेतीस वर्षांचा, नम्र, दाढी नीट कातरलेली. त्याने ल्युबाला मोठं गोड पत्र पाठवलं होतं. तिच्या निष्ठेचं त्याला कौतुक होतं वगैरे. मात्र दर महिन्याला तालीम जरा जास्त होते, वर्षातून एकदा एखादा व्हिडिओ पाहिला तरी भागेल, असं त्याचं मत होतं.

ल्युबाने एका ओळीत उत्तर धाडलं. ‘एकदा येऊन बघा, मग बंद करा.’

‘येतो,’ त्याने कळवलं. ‘बघून ठरवू.’

म्हणून फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी ल्युबा पहाटेच उठून पिरोगी लाटत बसली होती. बाहेर उणे अठ्ठावीस. तिला भीती वाटत नव्हती, आपली माणसं तयार आहेत हे तिला ठाऊक होतं. पण हे बंद पडलं तर आपली एकतीस वर्षं दात घासण्यातच गेली असं होईल, हे तिला मनातून खुपत होतं.

दवाखान्यात आल्याबरोबर तिने पेटी उघडून यादी तपासली. ऑक्सिजन भरलेला. अॅड्रेनलिन आहे, तारीख ठीक. हृदयाचा फवारा, दम्याचा फवारा, अॅस्पिरिन. रक्तातली साखर मोजायचं यंत्र, नवी बॅटरी. ग्लुकोजच्या नळ्यांची तारीख जानेवारीत उलटली म्हणून तिने त्या सोमवारीच कचऱ्यात टाकल्या होत्या, तारखांच्या बाबतीत ती फार कडक. नव्या नळ्या हिमवादळामुळे विनिपेगमध्ये अडकल्या होत्या. तोपर्यंत काहीतरी गोड असावं म्हणून तिने काउंटरवरच्या गोळ्यांचा डबा पेटीत ठेवला, यादीत ‘ग्लुकोज’समोर बरोबरची खूण केली आणि झाकण लावलं.

आर्नी पावणेबाराला चालत आला, टोपी काढून केस सारखे करत. दात त्याने इतके घासले होते की हिरड्या लाल दिसत होत्या.

‘आज काय मरण आहे?’ त्याने विचारलं.

‘हृदय,’ ल्युबा म्हणाली. ‘छातीत कळ. आणि दिव्याला हात लावलास तर पिरोगी विसर.’

‘हृदय मला जमतं. आमच्या हॉलमध्ये मी तीन वेळा गेलोय हृदयाने.’

पण बारा वाजले तरी ब्रेंटचा पत्ता नव्हता. साडेबाराला त्याचा फोन आला, रस्त्यावर बर्फ उडतंय, समोरचं दिसत नाही, हळूहळू येतोय. शॉनाने पिरोगी झाकून ओव्हनमध्ये ठेवल्या.

‘आर्नीला तरी दोन द्या ना,’ ती म्हणाली. ‘बिचारा बसलाय केव्हाचा.’

‘तालीम आधी, जेवण मागून,’ ल्युबा म्हणाली. ‘कांदा खाऊन खुर्चीत बसणार का तो? नव्या डॉक्टरसमोर?’

‘मी मजेत आहे,’ आर्नी म्हणाला. ‘माझी काळजी करू नका.’

हे तो सगळ्यांना सांगायचा. पाय मोडला होता तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं. या गावात माणूस बर्फात कमरेपर्यंत रुतला तरी वरून जाणाऱ्याला म्हणेल, काही नाही, जरा उभा आहे.

ब्रेंट एक वाजता पोचला, नाक लालबुंद, दहा वेळा माफी मागत. ल्युबाने त्याला भिंतीशी उभं केलं आणि पत्ते वाटले. ‘थांब’ डॉक्टर कोस्टिकना, ‘बोलाव’ शॉनाला, ‘आण’ स्वतःला. आर्नी खुर्चीत आडवा झाला, छातीवर निळा कागदी रुमाल. डॉक्टरांनी आरसा हातात घेऊन दात तपासायचं नाटक सुरू केलं.

‘तोंड उघडा, मिस्टर फ्रीझन.’

आर्नीने तोंड उघडलं नाही. तो छताकडे बघत रुमालाचा कोपरा चिमटीत धरून फाडत होता, बारीक बारीक तुकडे.

‘मिस्टर फ्रीझन, छातीत काही होतंय का?’ डॉक्टरांनी त्याला त्याचं वाक्य आठवून दिलं.

‘सोड,’ आर्नी पुटपुटला. ‘उगाच... हात नको लावू.’

‘वा!’ डॉक्टर कोस्टिक ब्रेंटकडे वळून म्हणाले. ‘आज काहीतरी नवीन बसवलंय यांनी.’

ब्रेंट हसला. शॉनाही हसली. तालमीत ती फोनऐवजी स्टेपलर कानाला लावायची, तो हातात तयार ठेवून ती उभी होती. ल्युबा दारात होती आणि तिला काहीतरी खटकत होतं. आर्नी फ्रीझन छातीत कळ आल्याशिवाय मरणारा माणूस नव्हता. मिळालेली कळ सोडून तो रुमाल फाडत बसेल? ती दोन पावलं पुढे आली. त्याच्या कपाळावर पाणी होतं. केस मुळापासून ओले होते, आणि बाहेरच्या दाराखालून आत येणारा वारा तिच्या घोट्यांना झोंबत होता. रडणं नाटकात आणता येतं, घाम कुणाला आणता येत नाही.

‘आर्नी, माझ्याकडे बघ.’

त्याने पाहिलं. नजर तिच्यावरून घसरून पुन्हा वर आली.

‘मार्गरेट,’ तो म्हणाला, ‘कोट कुठं ठेवलास माझा?’

ल्युबा बाकीच्यांकडे वळली.

‘हे खरं आहे,’ ती म्हणाली.

खोलीतलं हसू जागच्या जागी थांबलं. शॉनाने स्टेपलर टाकला आणि खरा फोन उचलला. डॉक्टर कोस्टिकनी आरसा ठेवून आर्नीचं मनगट धरलं आणि खुर्चीजवळ पाय रोवले. ल्युबा पेटी घेऊन परत आली तोवर बारा सेकंद झाले असतील. कुणी कुणावर आदळलं नाही.

‘शुद्धीत आहे, नाडी जलद, अंग गार,’ डॉक्टर म्हणाले. ‘ल्युबा, याला मधुमेह आहे ना?’

‘आहे. इन्सुलिन घेतो.’ ती त्याच्या बोटाला सुई टोचत होती. ‘आर्नी, आज इन्सुलिन घेतलंस?’

‘साडेअकराला, निघताना,’ आर्नी सावकाश, जड जिभेने म्हणाला. ‘तू जेवायला देतेस ना मग. घासून आलो मी. बघ.’ आणि त्याने शहाण्या मुलासारखे दात दाखवले.

यंत्रावर आकडा आला, दोन पूर्णांक तीन. इथल्या मापात चारच्या खाली गेलं की धोका, आणि हा दोनवर टेकला होता. ल्युबाने डब्याला हात घातला. झाकण अर्धं उघडल्यावर तिला कळलं की आपण काय ठेवलंय. या गोळ्या तिनेच निवडलेल्या. त्यांत साखरेचा कण नव्हता, त्या मूठभर चारल्या तरी आकडा जागचा हलणार नव्हता. सकाळी यादीत केलेली बरोबरची खूण तिला डोळ्यांसमोर दिसली. भिंतीशी नवा डॉक्टर उभा होता, हात बांधून, सगळं बघत. क्षणभर तिला वाटलं, डबा मिटावा, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटावं, पळत जाऊन रस्त्यापलीकडच्या दुकानातून काही आणावं आणि कुणाला कळू देऊ नये. भयंकर लाज वाटली तिला.

‘माझ्या पेटीत साखर नाही,’ ती मोठ्याने, स्पष्ट म्हणाली. ‘चूक माझी. इथे कुणाकडे साखर आहे? कसलीही. शरम सोडा आणि सांगा.’

‘पिरोगी?’ शॉना फोनवर हात ठेवून म्हणाली.

‘त्या चावायला हव्यात, आणि पोटात गेल्यावर तासाभराने उपयोग. गोड हवंय, पातळ, आत्ता.’

ब्रेंटने भिंतीपासून सुटून खुंटीवरच्या आर्नीच्या कोटाचे खिसे चाचपले. ‘काही नाही. मी दुकानात पळतो.’

‘नको,’ डॉक्टर कोस्टिक म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. पासष्ट वर्षांच्या डॉक्टरांचे कान लाल झाले होते. ते हलले मात्र नाहीत, त्यांच्या गळ्यात ‘थांब’ होता आणि हातात आर्नीचं मनगट.

‘माझ्याकडे आहे,’ ते म्हणाले. ‘पण मला इथून हलता येत नाही.’

‘डॉक्टर, कुठे आहे सांगा, मी आणते!’

‘तुला सापडणार नाही. तुला सापडू नये म्हणूनच तर ठेवलंय.’ त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या गळ्यातली दोरी काढली आणि ब्रेंटला जवळ बोलावून त्याच्या डोक्यावरून खाली घातली. ‘ऐक पोरा. हे मनगट धर. मी परत येईपर्यंत सोडायचं नाही, बोलत राहायचं, आणि तो झोपायला लागला तर मोठ्याने ओरडायचं. कळलं?’

‘कळलं,’ ब्रेंट म्हणाला. तो खुर्चीजवळ वाकला. ‘मिस्टर फ्रीझन, मी ब्रेंट. हॉकी बघता का तुम्ही?’

‘सगळे गाढव आहेत,’ आर्नी म्हणाला.

‘बरोबर बोललात. कोण जास्त गाढव?’

मागच्या खोलीत, जिथे लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे फळीवर मांडलेले होते, तिथून खडखडाट ऐकू आला. साचे गडगडले, एखाददुसरा फुटला. डॉक्टर धापा टाकत परतले, हातात कोलाचा डबा. साधा, लाल, साखरेने काठोकाठ भरलेला. एकतीस वर्षं हा माणूस तिच्यासमोर फक्त पाणी प्यायला होता.

ल्युबाने डबा फोडून कप भरला, खुर्ची सरळ केली आणि आर्नीला विचारलं, ‘गिळता येतंय? माझं बोट दाब.’ त्याने दाबलं. मग तिने घोट घोट पाजायला सुरुवात केली. पहिला घोट हनुवटीवरून निम्मा खाली आला. दुसरा आत गेला. तिसऱ्यानंतर त्याने कप स्वतःच धरला.

‘अॅम्ब्युलन्स निघाली,’ शॉना म्हणाली. ‘पस्तीस मिनिटं सांगतायत. मी वेळा लिहितेय.’

‘पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचं. मला आठवण कर.’

ती पंधरा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. ब्रेंटने विनिपेगच्या संघाची यथेच्छ निंदा केली आणि आर्नीने त्याला हळूहळू जास्त जास्त साथ दिली. आठव्या मिनिटाला त्याने दुरुस्ती केली की तो गोल १९८७ मधला, तू तेव्हा जन्मलाही नसशील. बाराव्या मिनिटाला त्याने ल्युबाकडे पाहिलं आणि या वेळी ती त्याला ल्युबाच दिसली.

‘ल्युबा,’ तो घाबरून म्हणाला, ‘हे मला कोला पाजतायत. तुझ्यासमोर.’

ल्युबाला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत. पंधराव्या मिनिटाला यंत्राने चार पूर्णांक सहा दाखवलं आणि तिने तो आकडा दोनदा वाचून दाखवला, जणू तिला तो पटत नव्हता. मग शॉनाने ओव्हन उघडला.

अॅम्ब्युलन्सवाले आले तेव्हा आर्नी खुर्चीत बसून चौथी पिरोगी खात होता. त्यांनी त्याला तपासलं, पुन्हा बोट टोचलं, शॉनाने मिनिटवार लिहिलेला कागद वाचला.

‘हे कुणी लिहिलंय?’ त्यांच्यातल्या एकीने विचारलं. ‘असा कागद आम्हाला इस्पितळातसुद्धा मिळत नाही.’

तरीही आर्नीला एक रात्र देखरेखीखाली ठेवायचं ठरलं. तो स्ट्रेचरवर चढताना म्हणाला, ‘छातीतली कळ राहूनच गेली माझी. पुढच्या महिन्यात करतो.’

दार लागल्यावर ल्युबाने पेटीतून गोळ्यांचा डबा काढला आणि ब्रेंटसमोर टेबलावर ठेवला.

‘तुम्ही बघायला आला होता,’ ती म्हणाली. ‘बघितलंत. पेटी माझी, यादी माझी, खूण माझी. जेवण मी अडवलं त्याचं. आणि उपाशी बसला तोही माझ्या धाकाने. तालीम बंद करायची तर करा, मी तक्रार करणार नाही.’

‘मला एक सांगा,’ ब्रेंट म्हणाला. ‘तुम्ही ते सगळ्यांसमोर बोलला नसतात आणि गुपचूप दुकानात गेला असतात, तर किती वेळ गेला असता?’

‘बूट घालून, रस्ता ओलांडून, परत येऊन... सात-आठ मिनिटं.’

‘तोवर तो गिळू शकला असता?’

ल्युबाने डॉक्टर कोस्टिककडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

‘विनिपेगला आमच्या पेटीत काय आहे, मला माहीत नाही,’ ब्रेंट म्हणाला. ‘तिथे मी तीन वर्षं आहे. ती उघडलेली मी कधी पाहिलीच नाही. आज तो घामाघूम झाला तेव्हा मी हसत होतो.’ त्याने गोळ्यांचा डबा ल्युबाकडे सरकवला. ‘दर महिन्याला करू. पहिला बुधवार. मी आदल्या दिवशी येईन, म्हणजे रस्त्याचा प्रश्न नको. आणि चौथा पत्ता करा, वेळ लिहिणाऱ्याचा. शॉनाने दोन कामं केली आज.’

‘करते,’ ल्युबा म्हणाली. मग ती डॉक्टर कोस्टिककडे वळली, कमरेवर हात ठेवून. ‘किती डबे आहेत मागे?’

‘अकरा,’ डॉक्टर म्हणाले. ‘आता दहा.’

‘आणि केव्हापासून?’

‘ल्युबा, मी निवृत्त होतोय. सोड ना.’

‘दोन माझ्या पेटीत जातील. बाकीचे घरी न्या, आणि प्यायल्यावर चूळ भरा.’

ब्रेंट कोट चढवून बर्फातून गाडीकडे गेला. त्याच्या छातीवर अजून ‘थांब’ लटकत होता. शॉना हाक मारायला खिडकीशी गेली, पण ल्युबाने तिला अडवलं. नेऊ दे म्हणाली, आपण दुसरा करू.

त्याच दुपारी तिने दारावरची पाटी उतरवली. तिच्याखालची भिंत एकतीस वर्षांत पिवळी पडायची राहिली होती. तिथे काय लावायचं ते तिला चार दिवस सुचलं नाही. शेवटी तिने काहीच लावलं नाही, फक्त पेशंटांना आदल्या दिवशी करायच्या फोनच्या कागदावर एक ओळ वाढवली आणि मार्चच्या पहिल्या मंगळवारी त्यातला पहिला फोन स्वतः केला.

‘आर्नी, उद्या बारा वाजता. छातीत कळ.’

‘आलोच समज.’

‘जेवून ये.’



‘आणि दात?’ आर्नीने दबक्या आवाजात विचारलं.

‘राहू देत तसेच,’ ल्युबा म्हणाली. ‘कांदा दिसला पाहिजे मला.’